मानमोडी आणि दोन खाटांमधले अंतर

(धागा)

१९१८ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात एक ताप शिरला. सरकारी कागदांनी त्याला ‘इन्फ्लुएंझा’ म्हटले. गावोगावी तो ‘मानमोडी’ या नावाने ओळखला गेला. पहिल्या महायुद्धाच्या चार वर्षांत जगभर जितकी माणसे रणांगणावर पडली, त्याहून अधिक एकट्या हिंदुस्थानात या तापाने काही महिन्यांत नेली. १९२१ च्या जनगणनेच्या आधारे हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास धरला गेला. पुढच्या काही अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला.

या साथीवर बरेच लिहिले गेले आहे. या धाग्याचा विषय त्यातला एक लहानसा, पण अडचणीचा भाग आहे : तापाच्या रुग्णाला रुग्णालयात आणून ठेवल्यावर शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे काय होते? पाय मोडून आलेला, बाळंतपणासाठी आलेली, क्षयाने महिनोन्महिने पडून असलेला, अशा माणसांपर्यंत हा ताप पोहोचू नये म्हणून वैद्यकाने काय केले, आणि ते करायला कोणाला परवडले?

सुरुवात जालन्यापासून करणे सोयीचे आहे, कारण तिथे प्रश्नच वेगळ्या रूपात उभा राहतो.

१९१८ मध्ये जालना नावाचा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. तेव्हाचे जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यातले एक व्यापारी गाव. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती आणि स्कॉटिश मिशनचे काम तिथून पसरले होते. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे जालन्यावरून गेली आणि कापूस-धान्याच्या पेठेला मुंबईचा रस्ता खुला झाला.

तोच रस्ता तापालाही खुला होता. मुंबईहून येणारा माणूस मनमाडला मोठ्या रुळांवरून उतरायचा, फलाटावर ताटकळायचा आणि लहान गाडीत दाटीवाटीने बसायचा. इन्फ्लुएंझाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लक्षणांच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच माणूस विषाणू बाहेर टाकू लागतो. मुंबईत गाडीत बसताना ठणठणीत असलेला माणूस घरी पोहोचल्यावर अंथरूण धरत असे, तो याच हिशेबाने.

या भागात आजारी माणसाला ठेवण्याची जागा म्हणजे घर. मिशनचा किंवा सरकारी दवाखाना असला तरी त्याच्या खाटा हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या, आणि खेड्यांना तेवढाही आधार नाही. तेव्हा ‘वॉर्ड’ होता तो माजघराचा, आणि त्या वॉर्डची परिचारिका होती घरातली बाई. जगभर या साथीने तरुण पुरुषांना अधिक गाठले असे सरसकट सांगितले जाते. हिंदुस्थानात मात्र स्त्रियांचे मृत्युप्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. शेवटी आणि कमी जेवणारी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी, स्वतः तापली तरी चुलीपाशी उभी राहणारी व्यक्ती कोण होती, हे पाहिले की या आकड्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. १९११ ला हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांवर होती. १९२१ ला ती १ कोटी २५ लाखांच्या खाली आली. या घटीला दुष्काळ आणि प्लेग यांचाही हातभार होता, पण मोठा वाटा मानमोडीचाच.

रुग्णालयातल्या प्रसाराची नोंद पाहायची तर रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईला जावे लागते.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या दोन आठवड्यांत जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, पोर्ट ट्रस्ट, बँका, तारखाते, टांकसाळ आणि गिरण्या अशी एकेक जागा आजारी पडत गेली. शहराचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर यांनी या तापाला रात्री घरात शिरणाऱ्या चोराची उपमा दिली. जूनची लाट ओसरली. सप्टेंबरात आली ती दुसरी, आणि खरी जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

(जाता जाता : १९१८ साली गांधीजींना स्पॅनिश फ्लू झाला होता, असा मजकूर दर वर्षी फिरतो. त्या वर्षी ते गंभीर आजारी होते हे खरे. पण आत्मकथेत त्यांनी स्वतः वर्णन केलेला तो आजार आमांशाचा आहे.)

सरकारने या वेळी रुग्णांना सक्तीने का हलवले नाही, हा प्रश्न येथे विचारायला हवा. कारण बावीस वर्षांपूर्वी त्याच शहरात नेमके तेच केले गेले होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णांना घरातून उचलून आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात नेले जाऊ लागले. जातीचा विटाळ, परक्या पुरुषाने स्त्रीला तपासणे, ‘तिथे नेलेला माणूस परत येत नाही’ ही समजूत, या सगळ्याचा स्फोट २९ ऑक्टोबर १८९६ रोजी झाला. सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अमलाखाली गोऱ्या सैनिकांनी घरे झडतीला काढली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग शाळेतल्या प्रत्येकाला माहीत असतो. त्याची वैद्यकीय बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते.

गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरावरच्या पिसवांमुळे होतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये हे मांडले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे गाठी आलेला रुग्ण शेजाऱ्याला फारसा धोक्याचा नव्हताच. धोका घरातल्या उंदरांचा होता. ज्या रोगात माणसाला माणसापासून तोडून फारसे साधणार नव्हते, त्या रोगासाठी सरकारने सगळी ताकद वापरली. आणि ज्या रोगात दोन माणसांमधले अंतर हेच जवळजवळ एकमेव औषध होते, तो रोग आला तेव्हा ते अंतर मागण्याची पत सरकारकडे उरली नव्हती.

अर्थात १९१८ मध्ये सक्ती करून साथ थांबली असती, असे म्हणता येत नाही. लक्षणांआधीच पसरणाऱ्या आजाराला पोलीस पकडू शकत नाहीत. शिवाय अनेक डॉक्टर युद्धावर गेलेले होते आणि खाटा अपुऱ्या होत्या. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९ च्या प्राथमिक अहवालातून यंत्रणेची ही हतबलता चांगलीच दिसते. लोकांसाठी औषधे, दूध आणि तात्पुरत्या खाटा यांची सोय करण्याचे पुष्कळसे काम मुंबईत स्वयंसेवी संस्था आणि जातिजमातींच्या मंडळांनी केले.

रुग्णालयाच्या आत काय करता येण्यासारखे होते, ते समजून घ्यायचे तर तेव्हाच्या डॉक्टरांना काय ठाऊक होते ते पाहावे लागते.

त्यांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी इन्फ्लुएंझाच्या रुग्णांत एक जंतू शोधला होता आणि तोच कारण मानला जात होता. परळच्या प्रयोगशाळेने, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेने, त्या जंतूच्या आधारे लसही बनवली. खरे कारण असलेला मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी वेगळा केला. त्यामुळे १९१८ ची लस मूळ रोगाविरुद्ध निरुपयोगी होती.

पण खोकण्या-बोलण्यातून उडणाऱ्या थेंबांचे ज्ञान त्यांना होते. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ कार्ल फ्लूग यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिले होते की साध्या बोलण्यातूनही जंतू असलेले सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा वू लियेन-ते या तरुण डॉक्टरने कापूस आणि गॉज यांचा मुखपट्टा सर्व वैद्यकीय कर्मचाऱ्यांना बांधायला लावला. हे ज्ञान १९१८ पर्यंत लष्करी रुग्णालयांत पोहोचले होते. अमेरिकेतल्या कॅम्प ग्रँट येथे जोसेफ कॅप्स यांनी डॉक्टरांबरोबर रुग्णांनाही मुखपट्टे बांधले आणि खाटांच्या मध्ये चादरी टांगून प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र कप्पा करून दिला. गोवर आणि स्कार्लेट फीव्हर यांसारखे रोग वॉर्डातल्या वॉर्डात पसरू नयेत, हा त्यामागचा उद्देश होता. साथ भडकली तेव्हा हीच युक्ती इन्फ्लुएंझाच्या वॉर्डांत आली. काही छावण्यांत एका खाटेवरच्या माणसाचे डोके आणि शेजारच्याचे पाय एका बाजूला अशी उलटसुलट रचना केली जाई. पाहायला विचित्र, पण दोन तोंडांमधले अंतर त्याने खाटेच्या लांबीइतके वाढते.

याला एक अधिकचे कारण होते, आणि ते कळले की त्या काळच्या वॉर्डांचा धोका नीट समजतो. १९१८ च्या बळींपैकी बहुतेकांचा जीव निव्वळ विषाणूने घेतला नाही. विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर खरवडले आणि त्या उघड्या जागेत न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस असे जंतू शिरून न्यूमोनिया झाला. साध्या तापाचा रुग्ण न्यूमोनियाच्या रुग्णाशेजारी ठेवला, तर तो ज्या जंतूने मरायचा तो जंतू त्याला रुग्णालयातच मिळण्याची शक्यता होती. पेनिसिलिनला अजून दोन दशके अवकाश होता. म्हणून न्यूमोनियाचे रुग्ण वेगळे काढणे, खाटा दूर सरकवणे आणि खिडक्या उघड्या ठेवणे, एवढीच शस्त्रे हातात होती. बोस्टनजवळ कॅम्प ब्रूक्स येथे तर रुग्णांना तंबूत आणि दिवसा उघड्यावर ठेवले गेले.

यात एक गंमत आहे. खाटांमध्ये ऐसपैस जागा, समोरासमोर उंच खिडक्या, लांबट दालन ही रचना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धानंतर रुजवली. स्पर्शाने रोग पसरतो ही कल्पना त्यांना आयुष्याचा मोठा भाग पटली नव्हती. दूषित हवा हेच मूळ, असे त्यांचे मत होते. चुकीच्या सिद्धान्तातून निघालेली खिडकी बरोबर ठिकाणी उघडली. मुंबई इलाख्यातच नव्हे तर हिंदुस्थानभर ब्रिटिश काळात बांधलेल्या रुग्णालयांची लांब व्हरांडे आणि उंच छते याच परंपरेतली आहेत. नंतर खोल्या लहान झाल्या, छते खाली आली, खिडक्यांना काचा लागून वातानुकूलन आले, तेव्हा हरवलेल्या हवेचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

पण अंतर ही समान वाटणीने मिळणारी वस्तू नव्हती. मुंबईतल्या १९१८ च्या इन्फ्लुएंझा-मृत्यूंची जमातवार नोंद उपलब्ध आहे. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलेल्यांत ६१.६. विषाणूला जात कळत नाही. चाळीतल्या एका खोलीत किती माणसे झोपतात, आजारी पडल्यावर मजुरी सोडून किती दिवस पडून राहता येते, पेज करून द्यायला कोणी उभे आहे का, हे मात्र जातीवर आणि मिळकतीवर ठरत होते. खाटांमध्ये किती अंतर असावे हे वैद्यकशास्त्राने सांगितले. ज्याच्या वाट्याला खाटच नाही त्याच्यासाठी ते गणित सुरूच होत नव्हते.

जालना ज्या संस्थानात होते, त्याच्या राजधानीत १९१५ च्या सुमारास साथरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय सुरू झाले होते. पुढे नल्लकुंट्याला स्थिरावलेल्या या रुग्णालयाला लोक ‘कोरंटी दवाखाना’ म्हणू लागले. क्वारंटाइन या शब्दाचा तो दख्खनी अवतार! पण जालन्याच्या माणसाला हैदराबाद म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास.

पुढची मोठी साथ १९५७ ची, आशियाई फ्लूची. मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून ती देशात उतरली. अधिकृत नोंदीत ४४ लाखांहून अधिक रुग्ण आणि सुमारे ११०० मृत्यू आहेत. तोवर पेनिसिलिन आले होते, पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते (तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था), आणि या वेळचा विषाणूही १९१८ इतका क्रूर नव्हता.

रुग्णालयातल्या प्रसाराच्या दृष्टीने १९५७ चा सर्वांत बोलका पुरावा कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर येथून आला. तिथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात क्षयरोगी दीर्घकाळ राहत. एका इमारतीत छताजवळ अतिनील किरणांचे दिवे बसवलेले होते. वर चढणाऱ्या हवेतले जंतू तिथेच मारावेत ही कल्पना. दुसऱ्या इमारतींत ते नव्हते. साथ येऊन गेल्यावर रक्ततपासणी केली तेव्हा दिव्यांच्या इमारतीतल्या सुमारे २ टक्के रुग्णांना लागण झालेली आढळली, दिवे नसलेल्यांत १९ टक्क्यांना. रुग्ण तर बाहेर गेलेच नव्हते. ताप त्यांच्यापर्यंत आणला तो रोज घरी जाऊन परत येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आणि भेटायला येणाऱ्यांनी. आणि तो वॉर्डात पसरला तो काही अंशी तरी हवेतून. एकाच अभ्यासावर इमला रचू नये हे खरे, पण हवेचा मार्ग किती, मोठ्या थेंबांचा किती, हा वाद २०२० मध्ये पुन्हा पेटला तेव्हा लिव्हरमोरचे आकडे अनेकांनी पुन्हा वाचले.

मग २००९. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि पुढचे काही दिवस पुण्याचे नायडू रुग्णालय व मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय यांच्यासमोर रांगा लागल्या. कस्तुरबा म्हणजे तेच, १८९६ मध्ये गिरणी कामगार ज्याच्यावर चालून गेले होते ते आर्थर रोडचे रुग्णालय. तेव्हा लोक ज्या दारापासून पळत होते, त्याच दारात आता तासन्‌तास उभे होते. रांगेत साधी सर्दी असलेला, खरोखर एच१एन१ झालेला आणि नुसता घाबरलेला, तिघेही खांद्याला खांदा लावून. संसर्ग टाळण्यासाठी आलेल्या माणसाला तो रांगेतच मिळावा, अशी ही व्यवस्था.

त्यावरचा उपाय कागदावर फार साधा दिसतो. तपासणीची केंद्रे वाढवली गेली, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. सौम्य ताप-खोकला असलेल्या ‘अ’ गटाने घरीच राहावे, त्याची चाचणीही नको. ताप जास्त असलेल्या किंवा गरोदर, वृद्ध, जुनाट आजार असलेल्या ‘ब’ गटाला गरजेप्रमाणे ऑसेल्टामिव्हिर, पण मुक्काम घरीच. धाप लागलेला, शुद्ध हरपत चाललेला ‘क’ गट तेवढा रुग्णालयात. रुग्णालयातल्या इतर रुग्णांचा बचाव करण्याचे सर्वांत मोठे काम या वर्गवारीने केले, कारण तिने वॉर्डात येणारा विषाणूच कमी केला. १९१८ मध्ये खाटांअभावी जे नाइलाजाने झाले, तेच आता निवडून, औषधासह आणि ‘धाप लागली तर लगेच या’ या सूचनेसह केले गेले. फरक त्या शेवटच्या सूचनेत आहे. ती पाळायची तर जाण्यासारखे ठिकाण असावे लागते. जालन्याच्या अत्यवस्थ रुग्णासाठी ते ठिकाण अनेक वर्षे साठेक किलोमीटरवरची औरंगाबादची ‘घाटी’ होती.

वॉर्डाच्या आतली आजची पद्धत १९१८ च्या डॉक्टरला अनोळखी वाटणार नाही. इन्फ्लुएंझाचा रुग्ण शक्यतो वेगळ्या खोलीत. खोल्या नसतील तर असे रुग्ण एकत्र, आणि खाटांमध्ये निदान एक मीटर. रुग्ण बाहेर नेताना त्याच्या तोंडाला मास्क. ही काळजी लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवस, किंवा ताप जाऊन चोवीस तास होईपर्यंत, यांतले जे उशिरा संपेल तोपर्यंत. कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर विषाणू एक-दोन दिवस तग धरतो, म्हणून खाटेचा कठडा आणि सलाइनचा स्टँडही पुसायचा. खोकणाऱ्या नातेवाइकाला आत सोडायचे नाही, हा सगळ्यांत अवघड नियम. कारण आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात पाणी पाजणे, कूस बदलणे, औषध आणणे हे नातेवाईकच करतात. आणि तापलेल्या परिचारिकेने कामावर यायचे नाही. तिच्या जागी दुसरी असेल तर.

नवी गोष्ट एकच, लस. २०१०च्या जूनमध्ये देशी बनावटीची एच१एन१ लस बाजारात आली आणि जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. २०१५ मध्ये पुन्हा मोठा उद्रेक झाल्यावर महाराष्ट्राने जोखमीच्या गटांना इन्फ्लुएंझाची लस मोफत द्यायला सुरुवात केली : गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण, आणि या रुग्णांची देखभाल करणारे आरोग्य कर्मचारी. विषाणू रूप बदलत असल्याने ही लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. यादीत कर्मचारी असण्याचे कारण लिव्हरमोरच्या आकड्यांतून सहज उमगते. गरोदर स्त्रिया असण्याचे कारण शोधायला मात्र १९१८ च्या माजघरापर्यंत मागे जावे लागते. त्या साथीतही गरोदर स्त्रियांचे मृत्युप्रमाण भयावह होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मानमोडीला तेव्हा १०६ वर्षे झाली होती.